कॉस्टिंग, केमिकल आणि क्रिप्टोग्राफी मिळून पीएचडीचा विषय होतो का?

खतावणी

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी कॉस्ट अकाउंटंट, वय ४१, मुक्काम बोरिवली पूर्व. ऑफिस अंधेरीला, कारखाना बोईसरला. महिन्यातून दोन दिवस डहाणू लोकलने कारखान्यात जाते. विरार गेलं की डबा रिकामा होतो, तेवढाच वेळ माझा स्वतःचा. या धाग्यातलं बहुतेक सगळं त्या वेळात सुचलेलं आहे, तेव्हा कच्चं असणार.

आमच्याकडे औषधांना लागणारी इंटरमिजिएट्स, म्हणजे मधल्या टप्प्यातली रसायनं, बनतात. बॅचमध्ये काय गेलं, काय निघालं, किती वाया गेलं, हे किलोत आणि रुपयांत मांडायचं, हे माझं चौदा वर्षांचं काम. प्रोसेस अकाउंट ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे: नावे बाजूला कच्चा माल, जमा बाजूला पक्का माल, नॉर्मल लॉस म्हणजे धरून चाललेली घट, अ‍ॅबनॉर्मल लॉस, आणि दोन्हीकडची बेरीज सारखी. रसायनशास्त्र मी बारावीला सोडलं. पण एकदा प्रॉडक्शनच्या मुलाने मला अ‍ॅस्पिरिनचं उदाहरण कागदावर करून दाखवलं. सॅलिसिलिक आम्ल १३८.१२ आणि असिटिक अनहायड्राइड १०२.०९ एकीकडे. दुसरीकडे अ‍ॅस्पिरिन १८०.१६ आणि असिटिक आम्ल ६०.०५. दोन्हीकडे २४०.२१. मी म्हटलं, अरे ही तर तेरीज (ट्रायल बॅलन्स) आहे! तो म्हणाला, मॅडम, याला मास बॅलन्स म्हणतात.

कागदावर दोन दशांशांपर्यंत जुळतं, प्लांटवर कधीच जुळत नाही. आणि गंमत बघा, तेरीज जुळली नाही तर आम्ही फरक सस्पेन्स खात्यात टाकतो आणि चूक सापडेपर्यंत चैन पडत नाही. प्लांटवर मात्र महिनाभर सगळं किलोला किलो जुळलं तर जुने लोक हसतात. म्हणतात, शिफ्ट संपताना लॉगशीट घरच्या घरी भरलंय.

आता क्रिप्टोग्राफी, म्हणजे माहिती गुप्त आणि सुरक्षित ठेवायचं गणित, कुठून आली ते सांगते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा झाला: कोणती नोंद, कुणी, कधी बदलली, सगळं राहतं आणि बंद करता येत नाही. आमच्या सॉफ्टवेअरवाल्याने त्याची महती सांगताना हॅश, ब्लॉकचेन असं बरंच काही फेकलं. मी घरी येऊन वाचत बसले आणि त्यात अडकलेच. पण मला आतून खात्री होती की आमचं दुखणं हे नाही. आमच्या नोंदी कुणी बदलत नाही. त्या पहिल्यापासूनच चुकीच्या असतात.

एक प्रसंग सांगते, त्याशिवाय मला काय म्हणायचंय ते कळणार नाही. २०२१ च्या मे महिन्यात, आधीच्या नोकरीत, प्लांट परवानगीच्या घोळात बंद पडला. बंद करताना दुपारी टोल्यूइन या सॉल्व्हंटच्या (द्रावकाच्या) टाकीत डिप घेतला, म्हणजे फीत सोडून पातळी मोजली, चार्टवरून बरोबर २०,००० लिटर. व्हॉल्व्हला कुलूप, कुलपाला सील. २०२२ च्या जानेवारीत सकाळी आठला सील तोडलं, डिप घेतला: १९,६९०. म्हणजे ३१० लिटर, दीड ड्रम, कुलूपबंद टाकीतून गायब. गळती नाही, जमीन कोरडी. चावी स्टोअरकीपरकडे. त्यांनी लेखी खुलासा दिला, एकच ओळ: "थंडीत टाकी बसते." त्यावर शेरा मारायचं काम माझं होतं. मी लिहिलं, खुलासा असमाधानकारक. त्यांची बदली झाली, पुढे त्यांनी नोकरी सोडली. त्या फाइलमधला एकही कागद कुणी बदललेला नाही, सगळ्या सह्या जागेवर आहेत. एडिट लॉग असता तरी त्याने काय केलं असतं?

म्हणून वाटतं, कारखान्यातला आकडा मोजल्यापासून ताळेबंदात जाईपर्यंत त्याच्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा, यावर काम करावं. एका गाइडना भेटले. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, एक ना धड, भाराभर चिंध्या." कॉमर्सवाले म्हणतात इंजिनीअरिंगकडे जा, इंजिनीअरिंगवाले विचारतात तुमची बीई कशात. इथे तिन्ही क्षेत्रांतले लोक आहेत म्हणून विचारते. या तिघांत खरंच काही समान आहे की मला लोकलमध्ये भास होतोय? आणि असेल तर विषय किती बारीक करायचा?

मदर लिकर

पीएचडीचं नंतर बघू. आधी ती टाकी.

ताई, कुलूप कुणी उघडलेलं नाही आणि टोल्यूइन कुठेही गेलेलं नाही. तुम्ही लिटर मोजलेत. किलो मोजायला हवे होते.

टोल्यूइनची घनता २० अंशाला ०.८६७, ३५ अंशाला साधारण ०.८५३. मे महिन्याची दुपार, बोईसर, टाकी उन्हात: ३५ धरा. २०,००० गुणिले ०.८५३ म्हणजे १७,०६० किलो. आता जानेवारीची सकाळ, २० अंश. १७,०६० भागिले ०.८६७. माझ्याकडे १९,६७७ आलं. तुमच्या डिपमध्ये १९,६९०. फरक १३ लिटर, म्हणजे तेवढ्या टाकीत डिपच्या फितीवर दोनएक मिलिमीटर. तापमान मी अंदाजाने घेतलंय आणि टाकी आठ महिने श्वास घेते-सोडते त्यात थोडी वाफही उडते, तेव्हा तेरा लिटरवर वाद नको. पण तीनशे लिटर आकसले, चोरीला गेले नाहीत.

त्या माणसाने तुम्हाला उत्तर लिहून दिलं होतं. "थंडीत टाकी बसते" याहून नेमकं मराठी वाक्य मला पन्नास वर्षांच्या नोकरीत सुचलं नसतं. पेट्रोल पंपावरचा पोरगासुद्धा रोज घनता १५ अंशावर आणून वहीत लिहितो. तुमच्या डिप रजिस्टरमध्ये तापमानाचा रकानाच नसणार, पैज लावतो.

रागावलोय असं समजू नका. रागावलोच आहे थोडा. पण चूक तुमची एकटीची नाही. त्या कागदावर एका तरी इंजिनीअरची सही असायला हवी होती.

आता तुमचा प्रश्न. मी माटुंग्याच्या केमिकल टेक्नॉलॉजीच्या संस्थेचा, तेव्हाचं यूडीसीटी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून निघालं, २००८ पासून आयसीटी. पहिल्या वर्षाला आम्हाला सर सांगायचे, आत आलं ते बाहेर गेलं किंवा साठलं, तिसरी वाट नाही. ही शिस्त रसायनशास्त्रात घट्ट बसवणारा लाव्हाझिए पोटापाण्यासाठी काय करत होता माहीत आहे? फ्रान्सच्या राजासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीत भागीदार होता. दिवसा जमा-खर्च, उरलेल्या वेळात तराजू. १७८९ च्या पाठ्यपुस्तकात त्याने किण्वनाचा अक्षरशः ताळेबंद मांडलाय: साखर, पाणी, यीस्ट इकडे, दारू आणि वायू तिकडे. त्या कराच्या नोकरीपायीच ८ मे १७९४ ला त्याचं डोकं उडवलं. इटालियन गणिती पाचोलीचं दुहेरी नोंदीवरचं लिखाण व्हेनिसला १४९४ मध्ये छापलं गेलं, म्हणजे तीनशे वर्षं आधी. तेव्हा भास वगैरे काही नाही, तुम्ही जुन्याच वाटेवर आहात.

आणि मुंबईतच बघायचं तर ट्रॉम्बेला बघा. प्लुटोनियम वेगळं करण्याचा कारखाना तिथे १९६४ ला सुरू झाला. आम्ल, सॉल्व्हंट, एक्स्ट्रॅक्शन, सगळं आपलंच केमिकल इंजिनीअरिंग. असल्या कारखान्यांच्या मालाच्या हिशेबाला जगभर अकाउंटन्सी हाच शब्द आहे. सुरुवातीचा साठा, अधिक आवक, वजा जावक, वजा शेवटचा साठा. जे उरतं त्याला 'हिशेब न लागलेला माल' म्हणतात. तुमच्या स्टॉक रजिस्टरचंच सूत्र. फरक एवढाच की आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या लेखी ८ किलो प्लुटोनियम ही लक्षणीय मात्रा, म्हणजे तेवढ्यात बॉम्ब होऊ शकतो. म्हणून तिथे फरकासोबत मोजमापाची चूक किती, हेही लिहावंच लागतं. नुसता 'शॉर्टेज ३१०' लिहून शेरा मारता येत नाही.

तुमच्या कामाची गोष्ट इथे आहे. १९६१ मध्ये कून आणि डेव्हिडसन यांनी याचं गणित मांडलं, त्याला डेटा रिकन्सिलिएशन म्हणतात. समजा, ऊर्ध्वपातनाच्या कॉलममध्ये १०० किलो गेले असं फ्लोमीटर म्हणतो. वरून ६२ निघाले, काट्यावर. खालून ४१, डिपवरून. बेरीज १०३. तुमच्या प्रोसेस अकाउंटमध्ये हे ३ किलो अ‍ॅबनॉर्मल गेन! कारखान्याने हवेतून माल काढला. आम्ही काय करतो? फ्लोमीटर ±२ ने चुकतो, काटा ±०.५, डिप ±१. यांचे वर्ग ४, ०.२५, १. बेरीज ५.२५. तीनाचा फरक या प्रमाणात वाटायचा, ज्याची सवय चुकायची त्याच्यावर जास्त: फ्लोमीटर २.२९ ने वर, काटा ०.१४ ने खाली, डिप ०.५७ ने खाली. आता १०२.२९ आत, ६१.८६ आणि ४०.४३ बाहेर. जुळलं. मग विचारायचं, हा ३ चा फरक संशयास्पद आहे का? ५.२५ चं वर्गमूळ २.२९, तीन भागिले २.२९ म्हणजे १.३१. १.९६ या ९५ टक्के खात्रीच्या मर्यादेच्या आत आहे, सोडून द्या. त्याच्या वर गेला असता तर मीटर तपासा, गळती शोधा, आणि सगळ्यात शेवटी माणसावर संशय घ्या.

तुमच्या नॉर्मल लॉसचे टक्के कुठून येतात? मागच्या वर्षीच्या शीटमधून. त्या जागी हे बसवलंत तरी माझ्या मते अर्धा प्रबंध झाला.

वाचनमात्र

अंगावर काटा आला टाकीचं वाचून. ताई, पुढे काय केलंत ते नक्की लिहा.

मूळसंख्या

काकांच्या टाकीनंतर माझं कोण ऐकणार, तरी लिहितो. पवईला आयआयटीत क्रिप्टोग्राफीतच होतो, आता बीकेसीत नोकरी.

खतावणी यांचं निदान बरोबर आहे. हॅश खोटी नोंद खरी करत नाही, तिला फक्त मुंग्यांपासून जपलेल्या लोणच्यासारखी झाकून ठेवते. एसएचए-२५६ या हॅशच्या सूत्राला तुमचं अख्खं लेजर दिलंत तर ६४ अक्षरी ठसा मिळतो, एक पैसा बदला, सगळा ठसा बदलतो. हेबर आणि स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये दस्तऐवजांवर असा न बदलता येणारा कालशिक्का कसा मारायचा ते मांडलं. पुढे १९९५ पासून त्यांची कंपनी दर आठवड्याला हा ठसा न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत, हरवले-सापडलेच्या रांगेत छापत होती. छापलेला पेपर लाखो घरांत गेला की आता कोण बदलणार? ब्लॉकचेनचा गवगवा व्हायच्या कितीतरी आधीची गोष्ट. तुमच्या एडिट लॉगला एवढं पुरे, त्यात आता पीएचडी नाही.

खरी मजा दुसरीकडे आहे. मेळ बसतो हे सिद्ध करायचं, पण आकडे दाखवायचे नाहीत. पेडरसनची १९९१ चीच युक्ती. खेळण्यातल्या आकड्यांवर करून दाखवतो, वही घ्या.

मूळसंख्या २३. दर वेळी २३ ने भागून बाकीच तेवढी ठेवायची. दोन पाया: २ आणि ३. टाकीत ९ टन गेले. मी एक गुप्त आकडा निवडतो, ७. पाकीट असं बंद करतो: २ चा ९ वा घात ५१२, बाकी ६. ३ चा ७ वा घात २१८७, बाकी २. सहा दुणे १२. जगाला मी फक्त १२ सांगतो.

बाहेर पडले ६ टन आणि ३ टन. त्यांचे गुप्त आकडे ५ आणि २, कारण बेरीज ७ यायला हवी. पहिलं पाकीट: २ चा ६ वा घात ६४, बाकी १८. ३ चा ५ वा घात २४३, बाकी १३. गुणाकार २३४, बाकी ४. दुसरं पाकीट: ८ गुणिले ९, ७२, बाकी ३.

आता तुम्ही, म्हणजे ऑडिटर, ४ आणि ३ चा गुणाकार करा. १२. आत गेलेलं आणि बाहेर आलेलं जुळलं, आणि किती गेलं, किती आलं यातलं तुम्हाला काहीही कळलं नाही.

लबाडी कुठे होईल तेही बघा. इथे घातांक ११ वर पोचला की चक्र पुन्हा सुरू होतं. म्हणजे ९ टन आत आणि १० अधिक १० टन बाहेर असं दाखवलं तरी जुळेल, कारण २० म्हणजे ११ आणि वर ९. काकांच्या भाषेत हवेतून अकरा टन माल! म्हणून प्रत्येक पाकिटातला आकडा ठरलेल्या मर्यादेत आहे याचा वेगळा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी बुलेटप्रूफ्स नावाची २०१८ ची पद्धत आहे, पुरावा बराच आटोपशीर होतो. आणि हो, खेळण्यात २ चा ८ वा घात म्हणजेच ३, हे कुणीही काढू शकतं आणि मग एकच पाकीट दोन तऱ्हांनी उघडू शकतं. खऱ्यात संख्या शेकडो अंकी असतात आणि हे नातं कुणालाच ठाऊक नसेल असे पाया निवडतात.

आता काकांच्या उत्तराला जोडून. डिजिटल चलनाच्या व्यवहारात दोन्ही बाजू पैशाला पैसा जुळतात, म्हणून तिथे ही युक्ती आयती बसते. कारखान्यात त्या कधीच जुळणार नाहीत, तीन किलोंचा फरक राहणारच. मग सिद्ध काय करायचं? तर फरकाचा वर्ग हा चुकांच्या वर्गांच्या बेरजेच्या इतक्या पटीच्या आत आहे. १.३१ हा आकडाही न सांगता, तो १.९६ खाली आहे एवढंच. करता येईल असं वाटतं, खर्च किती येईल ते बसून मोजावं लागेल. हा मला धड विषय वाटतो. चिंध्या नाहीत.

एक शंका मात्र: याची गरज कुणाला आहे? बंद पाकिटातून यील्ड, म्हणजे किती मालातून किती निघालं ते, सिद्ध करायची वेळ कुणावर येते?

फोर्टमधला सीए

मूळसंख्या, शेवटच्या शंकेचं उत्तर रोज माझ्या टेबलावर पडलेलं असतं.

निर्यातदार अ‍ॅडव्हान्स ऑथोरायझेशनवर कच्चा माल ड्यूटी न भरता आणतो. बदल्यात दाखवावं लागतं की एक किलो निर्यातीला इतका किलोच माल लागतो. बऱ्याच मालांचे ठरलेले दर असतात, त्याला आम्ही सायन म्हणतो. माल त्या यादीत नसेल तर डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) नॉर्म्स कमिटीपुढे जाऊन किती काय लागतं ते सगळं उघड करावं लागतं. केमिकलवाल्यांचा तिथे जीव वर-खाली होतो, कारण कोणतं द्रव्य किती, हे सांगितलं की जाणकाराला अर्धी प्रक्रिया कळते. "साहेब, जास्त लागत नाही हे सांगतो, पण किती लागतं ते विचारू नका," असं माझ्यासमोर अशिलं अनेकदा म्हणाली आहेत. आजवर मी हसण्यावारी नेत होतो. आता कळतंय की ते गणिताने मागता येण्यासारखं आहे. सरकार मान्य करेल का, तो भाग अलाहिदा. माझ्या हयातीत नाही. पण पीएचडीला सरकारची मान्यता लागत नाही.

खतावणी यांना दोन गोष्टी. एक, मटेरियल फ्लो कॉस्ट अकाउंटिंग बघा, २०११ चं आयएसओ १४०५१. त्यात वाया गेलेल्या मालालाही उत्पादनासारखाच खर्च लावतात, कच्चा माल, वीज, मजुरी सगळं. नॉर्मल लॉस चांगल्या मालाच्या किमतीत जिरवून टाकायची जी आपली सवय, त्याच्या नेमकं उलट. काकांचं रिकन्सिलिएशन आणि तुमचं कॉस्टिंग इथे एका कागदावर येतं, आणि कॉमर्सच्या गाइडना हे नाव ओळखीचं वाटेल. दोन, तुमची कॉस्ट अकाउंटंटची, म्हणजे सीएमए पात्रता यूजीसीने २०२१ मध्येच पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीची धरली आहे आणि २०२२ च्या नियमांत नोकरी करून पीएचडीला वाव आहे, ऑफिसचं ना-हरकत पत्र लागेल. कॉमर्समध्येच नोंदणी करा, सह-मार्गदर्शक माटुंग्याचा किंवा पवईचा घ्या. बीईच्या भानगडीत पडू नका.

आणि अ‍ॅबनॉर्मल गेनचं एक बरं असतं. त्याची चौकशी कुणी करत नाही. उन्हाळ्यात डिप घेतलेल्या किती टाक्यांचं लिटर असं फुगून ताळेबंदात बसलं असेल, देव जाणे.

खतावणी

सगळ्यांचे आभार. काकांचं उत्तर रात्री साडेअकराला वाचलं, नंतर झोप लागली नाही. उठून स्वयंपाकघरातल्या कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं. १९,६७७च येतं.

पैज तुम्ही जिंकलात काका. जुन्या नोकरीतल्या एका मैत्रिणीकडून त्या रजिस्टरच्या पानाचा फोटो मागवला. तारीख, वेळ, डिप, लिटर, सही. तापमान नाही. वेळ मात्र आहे: मे महिन्यात दुपारचे २.४०, जानेवारीत सकाळचे ८.१०. एवढं समोर असून मला दिसलं नव्हतं.

स्टोअरकीपर मामांचा नंबर मिळाला, पालघरला असतात. फोन केला. मी आकडे सांगायला लागले तर म्हणाले, "मॅडम, ते मला माहीत आहे, तुम्हाला कळलं ते सांगा." मग मी काही बोलू शकले नाही. जुन्या कंपनीला ईमेल पाठवलीय, गणितासकट. उत्तर आलं की सदर फाइल बंद झालेली आहे. मी पुन्हा लिहिलंय की शेरा माझा होता, तो मला मागे घ्यायचाय आणि मागे घेतल्याचा कागद त्या फाइलला लावा. बघू. तोच मजकूर सही करून मामांना पोस्टाने पाठवलाय.

मूळसंख्या, तुमचं १२ हातात आलं तेव्हा टाळी वाजवली. मुलगी नववीत आहे, तिने बाकीचं सगळं माझ्याआधी केलं आणि "१० अधिक १०"ची लबाडी तर तुमचा पुढचा परिच्छेद वाचायच्या आधीच पकडली. लोणच्याला मुंग्या लागत नाहीत, एवढी दुरुस्ती.

सीएसाहेबांच्या सायनच्या मुद्द्यावरून विषय असा लिहिलाय: "बॅच पद्धतीच्या रासायनिक कारखान्यात मालाचा खप ठरलेल्या प्रमाणात आहे, हे यील्ड उघड न करता आणि मोजमापाची चूक धरून कसं दाखवावं." एक सॉल्व्हंट, एक टाकी, एक कॉलम. टोल्यूइनच घेणार. त्याच गाइडकडे पुन्हा जाणार नाही, माटुंग्याला एका बाईंची वेळ घेतली आहे.

बुधवारी आत्ताच्या कारखान्यात गेले तेव्हा आमची टोल्यूइनची टाकी पहिल्यांदा नीट बघितली. थर्मोवेल, म्हणजे थर्मामीटर घालायची बंद नळी, आहे. प्लांटच्या मुलाने टोपण काढलं तर आत कुंभारमाशीने मातीचं घर करून ठेवलेलं, तोंडापर्यंत. थर्मामीटर कधी होता ते कुणालाच आठवत नाही. ते साफ करून साधा काचेचा थर्मामीटर सोडला तर चालेल का, की दुसरं काही घ्यावं लागेल?

मदर लिकर

काचेचा नको, फुटला की आतच राहील. डायलवाला घ्या, दांडी थर्मोवेलच्या तळापर्यंत पोचेल एवढी लांब. घर ओल्या फडक्याने काढा, सळईने ठोकू नका, वेल पातळ असते. आत थोडं थर्मिक तेल घाला, नाहीतर मधल्या हवेचं तापमान वाचाल. डिप घ्यायच्या आधी लावून दहा मिनिटं थांबा. आणि उन्हाची बाजू कोणती ते बघा, वेल त्याच अंगाला असेल तर आकडा चढा येईल. तसं असेल तर टाकीच्या वरून दोरीला बाटली बांधून मधल्या पातळीचा नमुना काढायला लावा, वाफेचं भान ठेवून, आणि दोन्ही आकडे महिनाभर शेजारी शेजारी लिहा.

माटुंग्याला याल तेव्हा कळवा. मी हिंदू कॉलनीतच असतो.